न बोलणारा अध्यक्ष

गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये जागा कधी संपत नाही. आत भरली की माणसं मागं लटकतात, मागं भरलं की टपावर चढतात. आमच्या भाषणाच्या क्लासच्या किश्श्यांचं तसंच झालंय. जीप मीच चालवतो, त्यामुळे क्लासमधलं कुणी ना कुणी भेटतंच, आणि उतरताना एखादा किस्सा मागं ठेवून जातं.

पण नववीतून शाळा सोडलेला मी कॉलेजच्या क्लासात गेलो कसा, ते आधी सांगतो.

*

मोबाईल गावात यायच्या आधीची गोष्ट. माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. पहिल्या ठिकाणी पाहुणे म्हणाले, "पोराला काई इचारायचं असंल तर इचारा." मी पोह्यातले शेंगदाणे बघत बसलो. नकार आला.

दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या मामानं हळूच माझ्या पाठीमागं येऊन ताट आपटलं. मी दचकलो.

"कान बराबर हायेत," मामा आत सांगायला गेले. "तोंडाचं काय ते बघा!"

तिथूनही नकार आला. माझे वडील, आबा, घरी येऊन ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "सिद्धेश्वर धरणाकडं एक स्थळ हाय. सुगी झाली की जाऊ. तवर दोन शब्द बोलायला शीक. याबी वक्ताला मुका बसलास, तर तुला ठेवतो बाजूला अन् धाकल्याचं लगीन लावतो!"

धाकटा त्याच संध्याकाळी शिंप्याकडं शर्टाचं माप देऊन आला!

*

त्या वर्षी गावातल्या कॉलेजात मराठीच्या सरांनी दर शनिवारी भाषणाचा क्लास काढला होता. कॉलेजची पोरं पुरेशी मिळेनात, म्हणून सरांनी गावातल्या कुणालाही या म्हणून सांगितलं. आबांनी मला हाताला धरून नेऊन बसवलं.

सरांचं पहिलंच वाक्य, "अध्यक्षाशिवाय भाषण म्हणजे नवरदेवाशिवाय वरात."

मग त्यांनी रीत शिकवली. एकानं उठून म्हणायचं, 'अमुक यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो.' दुसऱ्यानं म्हणायचं, 'या सूचनेला माझं अनुमोदन आहे.' एवढं झाल्याशिवाय सर कुणाला तोंड उघडू देत नसत.

अडचण अशी की प्रत्येकाला भाषण करायचं होतं. अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण अध्यक्षानं शेवटपर्यंत गप्प बसायचं असतं. सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. तांड्यावरच्या रमेशनं सूचना मांडली, बी.ए.ला असलेल्या सुनीतानं अनुमोदन दिलं, आणि मी खुर्चीत जाऊन बसलो.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच! बोलायला शिकायला गेलो आणि गप्प बसायची मोठी खुर्ची मिळाली. सर म्हणायचे, "काळजी करू नको. शेवटच्या दिवशी अध्यक्षीय समारोप तुझाच."

दिवाळीपर्यंत जीपमधले प्रवासीही म्हणायला लागले, "अध्यक्ष, टपावर जागा हाय का?"

*

रमेश क्लासला बैलगाडीतून यायचा. बैल जुंपलेलेच ठेवून गाडी खिडकीखाली उभी करायचा. त्याचा आवाज असा की या शेतातून त्या शेतात निरोप जावा. सरांनी त्याला 'आजचा तरुण' हा विषय दिला.

रमेश रंगात आला. शेवटी मूठ वर करून ओरडला, "तरुणांनो, किती दिवस उभे राहणार? चला! चला पुढं!"

आम्ही तरुण जागेवरच बसून होतो. खिडकीखालचे बैल मात्र निघाले!

"अध्यक्ष महोदय, माफ करा, गाडी चालली!" म्हणत रमेश खिडकीतूनच बाहेर पडला. बैल पार बाजारातल्या पाराजवळ सापडले.

सर गंभीरपणे म्हणाले, "वक्त्यानं परिणाम साधला. फक्त श्रोते चुकले."

*

एकदा सरांनी श्रद्धांजलीचं भाषण शिकवायला घेतलं. पण वाहायची कुणाला? किराणा दुकानदार दामूकाका वेळ घालवायला क्लासच्या दारात बसायचे. ते म्हणाले, "मला वाहा की! खरा मेल्यावर मला थोडंच ऐकू येनार हाय?"

काकांना हार घालून माझ्या शेजारी बसवलं. एकेकानं उठून त्यांचे गुण सांगितले. काकांचे डोळे भरून आले. मध्येच ते सुनीताला म्हणाले, "पोरी, मी वजनात कधी मारलं न्हाई, ते ऱ्हायलं बघ."

"ते खरं बोलायचं भाषण आल्यावर बघू, काका!" सुनीता म्हणाली.

बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी हार बघितला, आतली श्रद्धांजली ऐकली, आणि निरोप थेट वारंगा फाट्याला पोचला. दुसऱ्या दिवशी काकांच्या सासुरवाडीची माणसं टेम्पो करून रडत आली. काका दुकानात साखर तोलत होते. सगळे रडताहेत म्हटल्यावर त्यांनाही राहवेना. खाली उतरून, मेव्हण्याच्या गळ्यात पडून भरपूर रडले, आणि मग हळूच विचारलं, "कोन गेलं?"

*

सुनीताकडं आभारप्रदर्शन असायचं. कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं सरपंचांपासून पाणी वाटणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मंडपवाल्याचं नाव तेवढं राहिलं.

त्यानं मागच्या बाजूनं दोऱ्या सोडायला सुरुवात केली. आम्ही आत, आणि कापड डोक्यावर यायला लागलं!

"काहून सोडून राहिले, भाऊ?" सर ओरडले.

"आभार झाले न्हाई का? मंजे कार्यक्रम संपला!"

कापडाखालूनच सुनीतानं माईक शोधला आणि त्याच्या वडिलांच्या नावासकट त्याचे जाहीर आभार मानले. त्यानं मंडप परत वर बांधला.

*

क्लासचा शेवटचा दिवस आला. माझा समारोप मी जीप चालवताना घोकून घोकून पाठ केला होता. पण सगळ्यांनी त्या दिवशी मनसोक्त भाषणं केली, आणि सरांना हिंगोलीला जायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"वेळेअभावी," सर म्हणाले, "अध्यक्षीय समारोप झाला असं समजावं."

टाळ्या पडल्या. सरांना हिंगोलीला सोडायला मीच गेलो.

*

आणि सुगी झाली.

सिद्धेश्वरच्या त्या घरात सतरंजीवर पाहुणे बसलेले. मुलीचं नाव मंगल. तिनं पोहे दिले. सगळ्यांना चमचे देऊन झाल्यावर माझा खाली पडलेला चमचा तिनं न बोलता बदलून दिला. मी वर बघितलं. तीही बघत होती. मग ती आत गेली.

"आमची पोरगी बारावी हाय," तिचे मामा म्हणाले. "शाळेत गॅदरिंगचं सगळं तीच बोलायची. पोराचं शिक्षण?"

"नववी," आबा म्हणाले.

"मंग पोराला काई बोलायचं असंल तर बोला."

मी पोह्यात बघितलं. कोपऱ्यात धाकटा नव्या शर्टात बसला होता. आबांनी डोळे मिटून घेतले. मामा उठून सावकाश माझ्या पाठीमागं यायला लागले, आणि येता येता त्यांनी एक ताट उचललं.

मी ताडकन उभा राहिलो. बसलेल्या पाहुण्यांत मी एकटाच उभा! समारोपातलं एक अक्षर आठवेना. पण जे दर शनिवारी खुर्चीत बसायच्या आधी ऐकलं होतं, ते आपोआप तोंडातून आलं.

"आमच्या घरच्या सुनेचं स्थान कुमारी मंगल यांनी स्वीकारावं, अशी मी नम्र सूचना मांडतो."

आणि खाली बसलो.

मामांच्या हातात ताट तसंच. आबांनी एक डोळा उघडला.

मग आतल्या खोलीच्या पडद्यामागून, गॅदरिंगला शोभेल असा खणखणीत आवाज आला:

"या सूचनेला माझं अनुमोदन आहे!"