उखाण्यातलं नाव

पांढुर्ण्यात आमचं शिबिर होतं. समलिंगी जोडप्यांनाही लग्नाचा हक्क मिळावा म्हणून गावोगाव बोलणाऱ्यांचं. मराठी, हिंदी, गोंडी बोलणारे सगळे अनोळखी. शिबिर घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "भाषण नको, आपल्या माणसाचा उखाणा घ्या."

सौसरची एक पन्नाशीची बाई उठली. नव्या नवरीसारखा तिनं डोक्यावर पदर घेतला. मला ते जरा अतीच वाटलं.

"मृगाच्या बहारातलं संत्रं लागते गोड..." म्हणून ती थांबली.

"नाव घ्या न बाई!" आम्ही ओरडलो.

"आजपावतो कोणाच्या हळदीत मले कोणी नाव घे म्हटलंच नाही," ती म्हणाली. "पह्यल्यांदा घेऊन राहिलो, तं घरी जाऊन तिच्यासमोरच घेतो."

जेवणाची ताटं वाढली होती. ती सौसरच्या बसकडे निघाली.