अर्ध्या पाण्याची वाट

मोरबेटाच्या दवाखान्यात त्या दिवशी निम्मं गाव जमलं होतं आणि सगळ्यांची एकच इच्छा होती: नेटवर्क पडावं!

मीनळबेन बारैया याच बेटाची लेक. शिकून इंजिनियर झाली, किनाऱ्यावरच्या इंटरनेट कंपनीत लागली. आखातावरून बेटावर येणारा बिनतारी दुवा तिच्याकडे होता. तो सारखा तुटायचा. भावनगरच्या डॉक्टरबेन पडद्यावरून गरोदर बायांना तपासायच्या, तेव्हाही. मीनळबेनच्या लेकीला, उर्वीला, आठवा महिना लागलेला. त्यात कंपनीच्या साहेबांनी, परेशभाईंनी, सांगून टाकलं होतं की महिनाअखेर दुवा बंद.

मीनळबेनही आधी सगळं नशिबावर टाकायची. लाटा उसळतात, सिग्नल डळमळतो. कधी बुडेल कोण सांगणार? मग एकदा ओहोटीत होडी चिखलात रुतली आणि बसल्या बसल्या तिला उमगलं. सिग्नलची एक लहर मनोऱ्याकडून मनोऱ्याकडे सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून. पाणी चढलं-उतरलं की दुसरीचा रस्ता बदलतो, आणि एका पातळीला दोघी एकमेकींना गिळतात. तिने गणितात भरती-ओहोटी घातली. उत्तर आलं: भरल्या पाण्याला नाही, ओसरल्याला नाही, नेमकं अर्ध्या पाण्याला!

म्हणून आज हे डोळ्यांनी दाखवायला परेशभाईंनाच होडीत घालून आणलं होतं.

"बेन, हे हवेचे खेळ," गांठिया चघळत ते म्हणाले. "हवेला का वेसण घालता येते?"

"हवेला नाही साहेब, पाण्याला वेळ असते."

खिडकीतून वशरामकाका ओरडले, "धक्क्याचा मधला दगड भिजला गं, अर्धं पाणी झालं!"

पडद्यावर डॉक्टरबेन ठणठणीत बोलत होत्या. "उर्वी, पायाला सूज आहे का?"

"पड ना मेल्या!" नर्स कैलासबेन पुटपुटल्या.

चित्र थरथरलं. डॉक्टरबेन तोंड उघडं ठेवून थिजल्या, मग पडदाच काळा.

"पडलं!" गाव नाचायला लागलं. उर्वी पोट धरून हसत होती. "आई, पडलं गं!"

"योगायोग," परेशभाई म्हणाले, पण उठून उभे राहिले होते.

"पाणी आणखी चढलं की परत येईल, उतरताना अर्ध्यावर आलं की पुन्हा पडेल," मीनळबेन म्हणाली. "थांबा आणि बघा. मनोऱ्यावर थोडी खाली दुसरी डिश लावा. एकीला अंधारी आली की दुसरी जागी असेल."

परेशभाईंनी खिडकीतून तो भिजलेला दगड नीट बघून घेतला. मग खिशातून फोन काढला. "मागवतो, आत्ताच मागवतो!" आणि फोन कानाला लावून गोंधळले.

"लागत नाही हो."

"तोही याच दुव्यावर, साहेब," मीनळबेन हसू दाबत म्हणाली. "बसा. पाणी चढू द्या."