नीट लिहिलेली तीन पत्रे

नोकरीच्या काळात मी असंख्य अर्ज आणि पत्रे वाचली. त्यांतली तीन पत्रे मात्र आजही शब्दन् शब्द आठवतात, कारण त्यांवर मी विश्वास ठेवला होता.

सत्तरचे दशक संपत आले होते. वसई भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच खाडीकाठच्या गावातली एक विधवा आली. मिठागरात राबून तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. तिची मुलगी एका मुकादमामार्फत राज्याबाहेरच्या कारखान्यात कामाला गेली होती. त्याला चार महिने झाले होते. बाईने पदराची गाठ सोडून तीन पत्रे टेबलावर ठेवली.

हवालदाराने एक मोठ्याने वाचले. ‘मी येथे सुखरूप आहे. मालक देवमाणूस आहेत. मला कोणत्याही प्रकारचा त्रास नाही. आपण काळजी करू नये व भेटीस येण्याची तसदी घेऊ नये.’

“अक्षर मुलीचंच ना?” मी विचारले.

“पोस्टमन म्हनतो, तिचंच.”

“मग बाई, निर्धास्त घरी जा.”

ती गेली नाही. बाकावर बसून राहिली. दुपारी मी जेवायला निघालो तेव्हा उठून आडवी आली.

“साहेब, माझी पोर मला ‘आपन’ कधीच म्हनली नाय. ती गेली तवा शेळी व्यायला झालेली. तिनंच पाला घालून वाढवलेली. तीन पत्रांत शेळीचं एका शब्दानं विचारलं नाय. हे दुसरंच कोन तरी बोलतंय.”

जेवण राहिले. मुकादमाला बोलावणे धाडले. तो बोलण्यात तरबेज होता, हाती लागेना. मग मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. “मुलगी कशी आहे, ते तुझ्या हातानं लिही.” त्याने झरझर लिहिले, ‘सदर मुलीस कोणत्याही प्रकारचा त्रास नाही. मालक देवमाणूस आहेत.’ मी मुलीचे पत्र शेजारी ठेवले.

“तुझी आणि तिची वाक्यं एकच कशी?”

त्याने दोन्ही कागदांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, “कारखान्यावर गेलो की मी सांगत होतो, ती लिहीत होती.” कारखान्याचा पत्ताही त्याने दिला.

राज्याबाहेर जायला वरिष्ठांची परवानगी हवी होती. नेहमीच्या सरकारी भाषेत मी अहवाल पाठवला. ‘मुलगी सज्ञान, पत्रे तिच्याच हस्ताक्षरात’ असा शेरा मारून तो परत आला. दुसऱ्या अहवालात मी विशेषणे गाळली. बाईने सांगितले तसेच शेळीचे लिहिले आणि दोन्ही कागदांतली सारखी वाक्ये एकाखाली एक उतरवली. परवानगी त्याच दिवशी मिळाली.

कारखान्यामागच्या कुलूपबंद खोलीत पाच मुली सापडल्या. पत्र लिहिल्याशिवाय जेवण मिळत नसे. ठाण्यात आईला पाहताच मुलगी तिच्या कुशीत शिरली.

पुढे हाताखालच्या मुलांना मी अहवाल लिहायला शिकवले. सांगायचो, जड शब्दांनी कोणाला पटत नाही. जे फक्त त्या माणसालाच ठाऊक असेल ते लिहा. पण हे मला एका निरक्षर बाईने शिकवले, तेही मी तिला घरी जा म्हटल्यावर. माझे ऐकून ती खरोखरच उठून गेली असती तर त्या पाच मुलींचे काय झाले असते, हा विचार अजून मला सोडत नाही.