सुमनने पाल्याला हात लावला नाही

"ताई, बाय गेली," असा सुमनला बाय म्हणणाऱ्या तिच्या भावाचा, काशिनाथचा फोन आला, तेव्हा मी रडले. महिन्याभराने जव्हारला शोकसभा झाली, तिथे मात्र रडू आलं नाही. अंगाचा तिळपापड झाला. मुख्य पाहुणे म्हणाले, "डॉक्टर सुमनताईंनी रानातल्या जडीबुटीचं ज्ञान जगापुढे नेलं." अहो, उभ्या जन्मात तिने प्रयोगशाळेत पाला नेला नाही. ती भौतिक रसायनशास्त्राची प्राध्यापक. पाण्यावर तेलाचा थर पसरत पसरत किती पातळ होतो, शेवटी एकाच रेणूइतका कसा उरतो, यात तिचं आयुष्य गेलं. पण आदिवासी बाई आणि रसायनशास्त्र म्हटलं की आपल्याला झाडपाल्यापलीकडे काही सुचतच नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर. मी जव्हारच्या दुकानदाराची मुलगी, ती साखरशेत गावातल्या मजुरांची, वसतिगृहात राहणारी. गणित मला तिनेच शिकवलं. पुढे मुंबईत विद्यापीठात लागली, तर विभागप्रमुख वनौषधींचा प्रकल्प तिच्या गळ्यात मारायला निघाले. "तुम्हाला काय, घरचंच आहे."

"सर, तुमच्या वडिलांची सराफी," ती म्हणाली. "तुम्ही सोन्यावर का नाही केलंत संशोधन?"

झालं. बढती वर्षानुवर्षं लोंबकळली. 'याचा तुमच्या समाजाला उपयोग काय,' हे दर मुलाखतीत. माझ्याकडे आली की धुमसायची. "लले, बाकीच्यांना कुणी विचारत नाही. मला आवडतं म्हणून करते, हे उत्तर माझ्या तोंडी शोभत नाही का गं?"

सभेत काशिनाथ माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "ताई, बायनी कदी औषधा नाय केली. हे कोनाचा बोलतात?" मी उठले, माईक घेतला आणि तिचं खरं काम सांगितलं. संयोजकांनी माझ्या भावना समजून घेतल्या आणि तिच्या नावाने वनौषधी उद्यान जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

माझ्याकडे जेवली की सुमन मला कढई घासू द्यायची नाही. तीत पाणी ओतायची आणि वर पसरणारी तेलाची वर्तुळं बघत मोरीत उकिडवी बसायची, हाक मारली तरी उठायची नाही. परवा उद्यानाच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. काशिनाथला विचारलं, जाणार का?

"कशाला? तिथं बाय नाय."

मीही जाणार नाही. मोरीत कढई सकाळपासून भिजत पडली आहे. घरचे नाक मुरडताहेत. मुरडू देत.