गोडबोल्याने तह का मोडला

कंपनीत तिला सगळे सेनापतीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, त्यामुळे त्यात चेष्टा किती आणि मान किती हे तिने कधी शोधायला घेतलं नाही. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे आणि नोकरी अशी की चारचौघांत कुणी विचारलं तर सांगताना जीभ अडखळावी. दिवसभर खुर्चीत बसून ती राजांशी लढायची.

राजे खोटे होते, हे वेगळं सांगायला नको. कंपनी एक खेळ तयार करत होती. पडद्यावर नकाशा, नकाशावर राज्यं. एक पाळी तुम्ही खेळायची, मग बाकीचे राजे आपापली पाळी खेळणार, आणि त्या राजांच्या डोक्याच्या जागी संगणक. आधी नऊ वर्षं ती याच कंपनीच्या जुन्या खेळांबद्दल लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. प्रत्येक पत्रात एकच रड असे: अमक्या राजाने काही कारण नसताना माझ्यावर हल्ला केला. उत्तरं लिहिता लिहिता तिला या राजांच्या खोडी इतक्या पाठ झाल्या की ज्यांनी ते बनवले ते तिला विचारायला येऊ लागले. मग साहेबांनी तिला सरळ तपासणीच्या टेबलावर बसवलं. खेळा, हरा, जिंका, आणि कोण कसा वागतो ते वहीत लिहा.

वहीत खडूस होता. तो स्वतःहून कधी तहाला यायचा नाही, पण एकदा शब्द दिला की मान गेली तरी मोडायचा नाही. थोरली होती. जो जिंकतोय त्याच्या मांडीला मांडी लावून बसणारी, आणि जो हरतोय त्याच्या पत्राला उत्तरही न देणारी. असली माणसं सेनापतीबाईच्या नात्यातही होती, त्यामुळे थोरलीचा तिला राग यायचा पण कोडं पडायचं नाही. कोडं होतं ते गोडबोल्याचं. हा शेजारचा राजा. सदा हसतमुख. 'तुमची मैत्री हे आमचं भाग्य' म्हणायचा आणि तिसऱ्या पाळीला त्याचे घोडेस्वार तुमच्या किल्ल्याच्या दारात. तिने वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं: गोडबोल्या एकदम जास्त गोड बोलू लागला की किल्ले मोजून घ्यावेत. सगळ्यांनी खेळून पाहिलं. खरं निघालं.

आता तिची स्वतःची खेळण्याची रीत. पहिल्या पाळीपासून ती आपलं सगळं सैन्य सरहद्दीवर नेऊन उभं करायची. हल्ला करायला नव्हे. इतक्या वर्षांत तिने एकही लढाई आपणहून सुरू केली नव्हती. पण सैन्य आत बसलंय आणि पलीकडे काय चाललंय ते कळत नाही, हे तिला सहनच व्हायचं नाही. बाकीचे तपासणारे शेतं वाढवत, रस्ते बांधत. हिचे शिपाई शंभर शंभर पाळ्या शेजाऱ्याच्या कुंपणाला नाक लावून उभे.

घरीही हेच होतं, फक्त घरी त्याला काळजी म्हणत.

तिचा नवरा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो खुर्चीवरून खाली घसरला. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात वेळेत पोचले, माणूस वाचला. त्या दिवसापासून सेनापतीबाईचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. मीठ घरातून हद्दपार झालं. न्हाणीघराच्या दाराची कडी तिने स्वतः स्क्रू काढून उतरवली, आत काही झालं तर दार फोडायला लागू नये म्हणून. अकराला फोन, एकला फोन, तीनला फोन, निघताना फोन. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला तिने खबऱ्या नेमलं होतं. त्याने दर दोन तासांनी रस्त्यावर येऊन, मान वर करून खिडकीत माणूस हलतोय का ते बघायचं. नवरा पहिले दोन महिने ओरडला. मग नुसता कुरकुरू लागला. मग कुरकुरही थांबली, आणि गेल्या पंधरवड्यापासून तो चक्क गोड बोलू लागला होता.

त्या शुक्रवारी सकाळी तर कहर झाला. ती चपला घालत होती आणि तो दारात येऊन म्हणाला, "तू निश्चिंत जा. माझी काही काळजी करू नकोस. तू आहेस म्हणून सगळं नीट चाललंय."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने असलं वाक्य उच्चारलं नव्हतं. सेनापतीबाईने घातलेली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

कंपनीत पोचली तरी तिचं बूड खुर्चीला टेकेना. पाणी प्यायला उठली, न पिताच परत आली. अकराला फोन केला. "सगळं छान," तो म्हणाला. एकला केला. "अगदी छान." ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पुन्हा बसली, तीच पाळी दोनदा खेळली. आणि नेमका आजच गोडबोल्याचा निकाल लागायचा होता. तिनेच तक्रार नोंदवली होती: हा राजा विनाकारण तह मोडतो, खेळातून काढावा. साहेबांचा होकार तेवढा बाकी होता. त्याआधी राजांची डोकी लिहिणाऱ्या चष्मेवालीने तिला आपल्या टेबलाशी बोलावलं.

"सेनापतीबाई, हे तुमच्याच डावाचं टिपण," चष्मेवाली म्हणाली. पडद्यावर आकड्यांच्या ओळीच ओळी होत्या. खेळताना राजा काय बोलला ते दिसतं. त्याच्या मनात काय होतं ते या ओळींत दिसायचं. बाईने आजवर राजांची तोंडं पाहिली होती, ओळी कधी उघडल्या नव्हत्या. कुणीच उघडत नसे. तपासणाऱ्यांनी खेळणाऱ्यासारखंच खेळावं असा तिथला दंडक होता.

"हा त्याचा लोभ. बघा, शून्याच्या आसपास. त्याला तुमचं काहीच नको होतं. आणि ही भीती. चाळिसाव्या पाळीपासून चढतेय, चढतेय, एकशे बाराव्या पाळीला डोक्यावरून गेली. तेव्हा त्याने हल्ला ठरवला."

"भीती? कुणाची?"

"तुमची. तुमचं सैन्य बघा ना कुठे आहे."

"अगं, पण मी त्याचं काय घोडं मारलं होतं? मी हल्ला करणारच नव्हते. नुसती लक्ष ठेवून होते."

"ते त्याला कसं कळणार, बाई? त्याला सैन्य दिसतं, तुमचं मन थोडंच दिसतं."

"मग गोड का बोलतो मेला?"

"एकदा ठरवलं की घोडेस्वार यायला तीन पाळ्या लागतात. तोवर तुम्हाला ताकास तूर लागू नये म्हणून मी त्याला सगळ्यात गोड वाक्यं दिलीत." चष्मेवालीने चष्मा पुसला. "त्याआधी तो कुरकुरतो की. 'तुमचं सैन्य मागे घ्या' असं अकरा वेळा म्हणालाय. तुम्ही प्रत्येक वेळी 'नंतर बघू' दाबलंय."

 त्या अकरा ओळी सेनापतीबाईने एकेक करून वाचल्या. मग खाली वाकून आपल्या तक्रारीतला 'विनाकारण' हा शब्द खोडला, आणि लगेच फोन हातात घेतला, कारण घड्याळात तीन वाजले होते.

तीनचा फोन उचलला गेला नाही. पुन्हा लावला. नाही. तिने शिंप्याला लावला.

"वहिनी, दादा ठणठणीत आहेत," शिंपी म्हणाला आणि घुटमळला. "पण मघाशी खिडकीत मोठी बॅग झटकत होते. मला म्हणाले, सांगू नकोस."

साहेबांना न विचारता, अर्धी उघडीच पर्स खांद्याला टाकून ती निघाली. रिक्षात सगळा रस्ता ती पुढे वाकून बसली होती, जणू तेवढ्याने गाडी लवकर पोचणार होती. सिग्नलला तिच्या मनात सगळं येऊन गेलं: सोडून चाललाय, दुसरीकडे कुठे जीव लागलाय, जिवाचं बरंवाईट करतोय. जिना ती गुडघ्यांची पर्वा न करता चढली.

तो खाटेवर बसून सदरे घडी करत होता. डेपोत बस ओळीत लावायच्या सवयीने, एकावर एक, काठाला काठ. तिला पाहून त्याने घडी पुरी केली आणि मगच मान वर केली.

"भावाकडे चाललोय. पंधरा दिवस. चिठ्ठी लिहिणार होतो."

"चिठ्ठी?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

खरं होतं. तिच्या ओठावर आलेली पहिली चारही वाक्यं जाऊ न देणारीच होती: तिथे दवाखाना किती लांब, वहिनी मीठ घालते, गोळ्या कोण देईल, तीन जिने कसे चढाल. एरवी तिने ती धडाधड फेकली असती. आज ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तिला जाणवलं की सात महिन्यांत तिने या माणसाला हुकूम दिले, शपथा घातल्या, टोमणे मारले, पण खरं काय ते एकदाही सांगितलं नव्हतं.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "तुम्ही मराल म्हणून. दिवसभर वाटते. दुसरं काही सुचत नाही."

तो हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिला.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "पण मी ती विसरतो अधूनमधून. पेपर वाचताना, दाढी करताना. मग तुझा फोन येतो. तू आत आलीस की आधी माझ्या छातीकडे बघतेस, मग तोंडाकडे. तुझ्या डोळ्यांत पाहिलं की मला वाटतं, आजच मरणार मी. रोज. कंटाळलो गं."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती, आणि आता डोळे कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. त्याच्याकडे पाहायची चोरी झाली होती.

"जा मग," ती म्हणाली. "खरंच जा. मी फोन करणार नाही. तुम्हाला वाटलं तर करा."

"गाडी सहाची आहे."

"बरं."

ती स्वयंपाकघराकडे वळली. निदान तिथून तो दिसत नव्हता. ओट्यावरची एक भरलेली बाटली तिने रिकामी केली, पुन्हा भरली.

"अगं," बाहेरून आवाज आला. "तास दीड तास आहे अजून. आत काय करतेयस?"

"तुमच्याकडे बघायचं नाही ना?"

 मग दोन खुर्च्या फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. "ये इकडे. खिडकीकडे तोंड करून बसू."

ती आली. दोघे शेजारी शेजारी बसले, रस्त्याकडे तोंड करून. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी गोळा करत होतं. खाली शिंप्याचं यंत्र चालायचं, थांबायचं. तिने एकदाही मान वळवली नाही. मांडीवरचे हात तिने एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. ती पाहत नव्हती, पण त्याचे श्वास मोजत होती. तिच्या ओठांची हालचाल त्याला खिडकीच्या काचेत दिसत होती, आणि तो तिला मोजू देत होता.