ड्रायव्हरकी सोडून काहीही

आळेफाट्याचा रविंद्र उभी हयात ट्रक चालवून पार थकला होता. कंबर धरायची, डोळे चुरचुरायचे. नोकरी लावून देणाऱ्या ज्या एजंटाकडे जावं, तो पुन्हा ट्रकच पुढे करायचा. शेवटी नारायणगावात कल्याणीताई भेटल्या. त्या चाकणच्या कारखान्यांना माणसं पुरवायच्या.

“ताई, ड्रायव्हरकी सोडून कायबी द्या. आता न्हाई व्हत.”

“भाऊ, गेटवर बसून गाड्यांची ये-जा बघाल?”

“बसून?” रविंद्रने पुन्हा विचारलं.

पगार कमी होता, तरी तो लगेच कामाला लागला. पहिल्या दिवशी सुटी झाल्यावर तो एसटीत खिडकीशी बसला. डोळे मिटले, पण प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय ब्रेक दाबत राहिला.