पिंजलेली कड

ब्रह्मपुरीच्या कमरुद्दीन पिंजाऱ्याला ढगाची कड वाचता येते, असं गावोगाव बोललं जाई, आणि हा गडी ते ऐकून हरभऱ्याच्या झाडावर चढायचा. उघड्या अंगणात कापूस पिंजायचा तर आभाळावर डोळा ठेवावाच लागतो. त्याचा हिशेब सोपा होता. ढगाची कड पिंजल्यासारखी विस्कटली, की कोरडी हवा तिला खातेय, ढग विरणार. कड फुलकोबीसारखी गच्च दिसली, की ढग वाढतोय, कापूस आत घ्या.

१९९८च्या उन्हाळ्यात तो पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात सुगंधाबाईंच्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरत होता. बायको शकिला सोबतीला. तिने धुतलेल्या खोळी धानाच्या बांधीपलीकडे, मोहाच्या फांद्यांवर वाळत घातल्या होत्या. दुपारी पश्चिमेला ढग चढला.

"अजी, वारा थंडा लागून राह्यला," शकिला म्हणाली. "मी नाई जात खोळी आनाले."

"कड पाय ना! पुरी पिंजून गेली. ढगाचं मले नको शिकवू. जा."

ती गेली. कापसावर पिंजणाची तात पुन्हा वाजू लागली.

अंगणातलं ऊन एकाएकी गेलं. कमरुद्दीनने मान वर केली. विस्कटलेली कड होती, पण ती पुढच्या, विरत चाललेल्या ढगाची. तिच्याआडून दुसरा काळा ढग वर आला होता, कड कोरून काढल्यासारखी, आणि बघता बघता फुगत होता. कापसासारखं दिसलं की या गड्याचा जीव भुलायचा, मागे काय आहे ते बघायचं राहून गेलं.

"कमरुद्दीन भाऊ, कापूस भिजते ना!" सुगंधाबाई ओरडल्या.

त्याने वळूनही पाहिलं नाही. तो बांधीतून ऊर फुटेस्तोवर धावत सुटला. शकिला झाडाखाली नसू दे, एवढंच अल्लाकडे मागत होता. तेवढ्यात वीज कोसळली आणि डोळ्यांदेखत मोह उभा चिरला.

"शकिला!"

"इथी हाय."

ती बांधीत, धुऱ्याच्या उंच मातीच्या आडोशाला उकिडवी बसली होती. हात रिकामेच होते.

"झाडापाशी गेलीच नाई मी," ती म्हणाली. "तुमची कड तुमच्यापाशी. मले वाऱ्याचं पटलं."

भर पावसात तो तिच्याजवळ बसून लेकरासारखा रडला.

कापसाचे गोळे झाले होते. ते वाळवून त्याने सगळा कापूस पुन्हा पिंजला. त्यानंतरही लोक ढगाचं विचारायचे. कमरुद्दीन आधी कड पाहायचा, मग पिंजण खाली ठेवून हाक मारायचा, "शकिला, बाहेर ये. वारा काय म्हनते?"

ती येऊन सांगेपर्यंत कापसाच्या गाठोड्याची गाठ सुटत नसे.